सोसणे हाच संस्कार नव्हे

(सोलापुरात सात रस्ता परिसरातील माता-कन्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय घराघरांत दबक्या आवाजात बोलला जातो. 'बाईच्या जातीला सोसावेच लागते,' एवढे म्हणून आई गप्प होते आणि मुलगी पोट धरून शाळा बुडवते. सोशिकता हा गुण खरा. परंतु जी वेदना साध्या उपायांनी कमी होते, ती मुकाट्याने सोसण्यात संस्कार कोणता?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे स्नायू आकुंचन पावतात, रक्तपुरवठा घटतो आणि कळ येते. आयुर्वेद याला कष्टार्तव म्हणतो व त्याचे मूळ वातात पाहतो. उष्णतेने हे स्नायू सैलावतात, म्हणूनच आजीचा शेक लागू पडतो. गरम पाण्याची पिशवी आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी.

दुसरा उपाय व्यायामाचा. आठवड्यातून तीनदा, पाऊण ते एक तास व्यायाम नियमाने केल्यास कळा सौम्य होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. पुण्याच्या योगाचार्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या योगसाधनेवर ग्रंथ लिहिला. पाळीच्या दिवसांत शीर्षासन, सर्वांगासन टाळून सुप्त बद्धकोणासनासारखी विश्रांती देणारी आसने करावीत, ही त्यांची शिकवण. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या भगिनींनीही मधूनमधून उठून चार पावले चालावे.

मात्र गोळीवाचून म्हणजे डॉक्टरांवाचून नव्हे. रक्तस्राव फार होत असेल, वेदना दरवेळी वाढत असेल किंवा पाळी सरल्यावरही राहत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. त्यांनी औषध दिल्यास ते घेण्यात कमीपणा नाही.

या मौनाची किंमत बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींनी मोजली आहे. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड. त्यात दुखणे अंगावर काढलेले. अनेकींनी ऐन उमेदीत गर्भाशयच काढून टाकले. २०१९ साली शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्यांना एका दिवसाची विश्रांती मिळाली नाही, त्यांनी आयुष्यभराची व्याधी पत्करली. त्या आपल्याच समाजाच्या लेकी आहेत.

म्हणून आज घरी गेल्यावर लेकीला जवळ बसवा आणि एवढेच विचारा, 'बाळ, फार दुखते का गं?' तिच्या उपचाराचा आरंभ या प्रश्नापासून होईल.