जादूच्या आरशातील प्रकाश



जपानात काशाचा एक आरसा बनतो. समोर गुळगुळीत, मागे उठावाची नक्षी. तोंड पाहावे तर साधा आरसा. उन्हात धरला की भिंतीवरील कवडशात मागची नक्षी उजळते! धातूतून प्रकाश आरपार जातो काय? मुळीच नाही. टोकियोत शिकवणाऱ्या आयर्टन व पेरी यांनी १८७० च्या दशकात याचा शोध घेतला. घासताना आरशाचा पातळ भाग दबतो आणि मागाहून किंचित फुगतो. तेथील प्रकाश पसरतो. नक्षीचा जाड भाग त्यामानाने सपाट राहतो. तेथला प्रकाश दाट पडतो. हा फुगवटा डोळ्याला दिसत नाही, भिंत मात्र दाखवते.

वाशीमला उन्हाचा तोटा नाही. घरचे चकचकीत स्टीलचे ताट उन्हात धरा, कवडशात लहरी दिसतील. जेवणाच्या वेळी मुलाने हा उद्योग केला, तर आधी कवडसा पाहा, मग रागवा.