गोठवलेल्या रक्ताने सांगितलेली गोष्ट

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, तारेवरचं रबर सोलून निघावं तसं. मग एका डोळ्याला धूसर दिसतं, पायाला मुंग्या येतात.

हे का होतं, याचा मोठा धागा सापडला अमेरिकी लष्कराने गोठवून ठेवलेल्या रक्तात. हार्वर्डच्या संशोधकांनी १ कोटीहून अधिक जवानांच्या नोंदी चाळल्या. पुढे एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात एपस्टाईन-बार विषाणूचा मागमूस नव्हता. आजार सुरू होण्याआधी त्यातल्या ३४ जणांना त्याची लागण झालेली होती! या लागणीनंतर धोका ३२ पट वाढतो, असं २०२२ साली जाहीर झालं.

मात्र घाबरू नका. हा लाळेतून पसरणारा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात मुकाट पडून असतो. एमएस फार थोड्यांना होतो. तिथे जनुकांचा हात असतो. प्रतिकारशक्तीशी निगडित ‘एचएलए’ जनुकांमधला एक विशिष्ट प्रकार धोका साधारण तिप्पट करतो. पण ‘तुमच्या घराण्यातच आहे’ असं रुग्णाला सुनावणाऱ्यांनी हेही ऐकावं: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असला, तरी दुसऱ्याला तो साधारण चारातल्या एकाच जोडीत होतो.