ठेक्याचा सांधा

आज कर्ज, हप्ते, बँकेचे कागद यांतलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ठेक्याबद्दल. ज्या ज्या गटाचं भजनी मंडळ आहे, त्यांना ही अडचण सांगायला नको. गळा आपला, टाळ आपले, पण ठेका दुसऱ्याच्या हातात. सप्त्याचे दिवस आले की मृदंगवाले एका गावाला नाही म्हणतात आणि दुसऱ्या गावाला हो. त्यांची बिदागी द्यायची तर गटाच्या शिलकेला हात लागतो. आणि रियाजाला, रोज दुपारी तासभर, कोण येणार?

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याला शिकते, गिटार वाजवते. सुट्टीत येताना तिने एक छोटी डबी आणली, तिला लूपर पेडल म्हणतात. पायाने एकदा दाबली की पुढे जे वाजेल ते ती टिपून घेते. पुन्हा दाबली की टिपणं थांबतं आणि टिपलेलं लगेच पहिल्यापासून वाजू लागतं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून, आपण बंद करेपर्यंत. तिसऱ्यांदा दाबलं तर त्याच्यावर दुसरा आवाज चढवता येतो. जपानच्या बॉस कंपनीने 2001 साली लूप स्टेशन नावाचं असं यंत्र काढलं. एड शीरन नावाचा इंग्रज गायक एकटाच उभा राहून अशा पेडलवर गिटारीचे, तालाचे, गळ्याचे थर चढवतो आणि सगळा वाद्यवृंद उभा करतो. 30 जानेवारी 2025 ला त्याचा कार्यक्रम पुण्यात झाला.

आपल्याला हे फार परकं वाटू नये. जातं दुसरं काय करतं? खुंटा फिरून जागेवर येतो आणि ओवी त्या फेऱ्यात बसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या सगळ्या अशाच फेऱ्यावर उभ्या आहेत.

तर पेडल आलं, आणि आमच्या गटातली एक सून पुढे आली. तिचे वडील ढोलकी वाजवायचे, ती माहेरी त्यांच्याजवळ बसून शिकली. लग्न झाल्यावर चार लोकांत ढोलकीला हात लावला नाही, कारण बाईने मांडीवर ढोलकी घ्यावी हे आपल्याकडे अजून डोळ्यांत खुपतं. आम्ही म्हटलं, एकदा घरात वाजव, डबी टिपून घेईल, मग तू आमच्यात बसून गा. सासूबाईंनी मान डोलावली, हे महत्त्वाचं. आमच्या मंडळात पुढे त्याच गातात.

भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर एका आवर्तनाला चार सेकंद लागतात. वाटतं, चार सेकंद वाजवायचं, त्यात काय अवघड? अवघड आहे तो सांधा. बांगडीचा सांधा नीट बसला नाही तर पदराला अडकतो, तसं लूपचं आहे. दुसऱ्यांदा बटण दाबायला सेकंदाचा दहावा भाग जरी उशीर झाला, तरी तेवढी शांतता ठेक्याच्या शेपटीला चिकटते आणि प्रत्येक फेऱ्यात ठेका लंगडतो. टाळकरी आपल्या सरळ लयीत चाललेले असतात. पाच फेऱ्यांत अर्धा सेकंद फरक पडतो, म्हणजे या लयीत पूर्ण एक मात्रा. आणि बोल कुणाला लागतो? गाणारीला. ती ताल सोडून पळाली म्हणतात, यंत्राकडे कुणी बघत नाही.

उशीर का होतो, ते झिम्म्यावरून लगेच कळेल. समोरचीचा हात येताना दिसला की मग आपण टाळी उचलतो का? नाही. तोवर हात निघून जातो. टाळीच्या आधीच आपला हात निघालेला असतो. इथेही आठवी मात्रा झाली, पुढचा धा ऐकला, मग दाबलं, असं केलं की उशीर ठरलेला. बोट आणि धा बरोबर पडले पाहिजेत. बहुतेक पेडल दाबल्या क्षणीच काम करतात, बोट उचलल्यावर नाही, तरी आपल्या हातातलं पेडल कसं आहे हे आधी करून बघावं.

गिटारवाला उभा असतो, त्याचा पाय मोकळा असतो. आम्ही मांडी घालून बसणाऱ्या. ढोलकीवालीचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बटण दुसरीने हाताने दाबायचं ठरलं. पण दाबणारी नुसती कान देऊन बसली की ती धा ऐकल्यावरच दाबते, कितीही हुशार असली तरी. उपाय सोपा निघाला. दाबणारीने स्वतः ताल धरायचा, दुसऱ्या हाताने आपल्याच मांडीवर, आवाज न करता. मग तिला सम ऐकावी लागत नाही, ती समेवर आपोआप येते. आमच्याकडे हे काम टाळ वाजवणाऱ्या मावशींनी घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सांधा जुळला.

दुसरी गोष्ट वाजवणारीने सांभाळायची. सुरुवातीला दोन आवर्तनं नुसती वाजवायची, हात तापू द्यायचा, मग समेवर टिपणं सुरू. आणि शेवट आला म्हणून थांबायचं नाही. आठव्या मात्रेला आता संपलं असं हाताला कळलं की तो ढिला पडतो. पुढचं आवर्तन चालू ठेवायचं, मधल्या समेवर दाबणारी दाबेल. एकाऐवजी चार आवर्तनं टिपली तर अजून बरं, कारण त्यात हाताचे बारीक फरक राहतात आणि कानाला कंटाळा येत नाही.

मग बांगड्या. टिपलेल्या ठेक्यात तिच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण दर चार सेकंदांनी यायची. एकदाच ऐकली तर गोड, शंभरदा ऐकली तर डोकं उठतं. बांगड्या कोपराकडे सरकवून वर हातरुमाल बांधला. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला तर तेही ठेक्यात शिरतं, म्हणून दुपारी दोन-तीनची वेळ धरली आणि दार-खिडक्या लावल्या.

जोडणीचं थोडक्यात सांगतो. पेडलला गिटारीची जाड पिन लागते. आपला माईक आधी साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये, मिक्सरमधून पेडलमध्ये, पेडलमधून स्पीकरला. मिक्सरचा आवाज बेताचा ठेवायचा, जास्त आला की फाटतो. वर टाळांचा थर चढवताना माईक स्पीकरसमोर असला तर वाजणारा ठेकाच पुन्हा टिपला जातो आणि सगळं घुमतं, म्हणून तेव्हा स्पीकर बंद ठेवून कानाला हेडफोन लावावा. अॅडाप्टर पेडलचाच वापरा. नऊ व्होल्टचा दुसरा बसेल, पण त्याची पिन उलट्या जोडणीची असली तर पेडल जळू शकतं.

काही जणी विचारतील, बंगळूरच्या रॅडेल कंपनीचा विजेचा तबला मिळतो, मोबाईलवर फुकट ठेके मिळतात, मग हा खटाटोप कशाला? ते ठेके स्वच्छ आहेत, वापरावेत. पण आमच्या ओसरीवर ठेका चालू होता तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एका काकांनी आत डोकावून विचारलं, वादक कुठला आणलाय? सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं. ते मशीनमधल्या तबल्याने झालं नसतं.

देवळात मात्र आम्हाला माणूसच हवा. गाणारीचा श्वास कमी पडला तर मृदंगवाला थांबतो, शेवटी लय चढवायची तर तिच्याबरोबर चढतो. पेडल कुणासाठी थांबत नाही. ते रियाजाला चांगलं, हरिपाठाला नाही. गटाच्या पैशातून ते विकत घ्यावं असंही आमचं मत नाही, त्याला काही हजार रुपये पडतात आणि आपल्या सभासदांच्या गरजा आधी आहेत.

पोरगी सुट्टी संपली की पेडल घेऊन जाईल. म्हणून आम्ही तयार झालेले ठेके मोबाईलवर उतरवून घेतोय. त्यात एक लक्षात ठेवा, एमपीथ्री फाईल केली तर तिच्या आगेमागे बारीकशी शांतता चिकटते आणि इतक्या कष्टाने जुळवलेला सांधा पुन्हा उघडतो. वेव्ह फाईल ठेवावी, ती जागा जास्त खाते पण जोड टिकतो. आतापर्यंत संथ भजनी ठेका, चढा भजनी ठेका आणि सहा मात्रांचा दादरा असे तीन झालेत. केरवा राहिलाय, तो येत्या सोमवारी दुपारी दोनला टिपणार आहोत. कुणाच्या गटात ढोलकी येणारी बाई असेल तर तिला घेऊन या. येताना हातरुमाल आणा.