सुटका आणि तारण



प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय आपल्या उपासनेत पुष्कळदा वाचला जातो. तुरुंगातला पेत्र, मध्यरात्री आलेला देवदूत, गळून पडलेले साखळदंड, आपोआप उघडलेला लोखंडी दरवाजा. शब्बाथशाळेतल्या मुलांनासुद्धा ही गोष्ट तोंडपाठ असते. पण अध्यायाच्या अगदी आरंभी एक लहानसं वाक्य आहे आणि ते वाचून आपण चटकन पुढे सरकतो. हेरोद राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं, एवढंच त्यात सांगितलं आहे. त्याचे शेवटचे शब्द नाहीत, कोण रडलं ते नाही, कुठं पुरलं तेही नाही.

हा याकोब कोण होता? जब्दीचा मुलगा, गालीलच्या सरोवरावरचा कोळी. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांनाच येशू काही प्रसंगी वेगळं बरोबर नेत असे. याइराच्या मेलेल्या मुलीला उठवलं तेव्हा हे तिघे त्या खोलीत होते. डोंगरावर येशूचं रूप पालटलं तेव्हा होते, गेथशेमाने बागेतल्या त्या शेवटच्या रात्रीही होते. आपल्या मुलांना राज्यात उजवी-डावीकडची जागा मिळावी म्हणून याच याकोबाच्या आईनं शब्द टाकला होता, आणि माझा प्याला तुम्हाला पिता येईल का, असं येशूनं विचारल्यावर दोघे भाऊ हो म्हणाले होते.

म्हणजे बघा, याकोब आणि पेत्र या दोघांचा गुरू एक, राजा एक, शहर एक आणि काळही तोच, इसवी सन 44 च्या आसपासचा. प्रार्थना करणारी मंडळीही एकच. एक जण मारला गेला, दुसरा सुटून आला. असं का, ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. मीही आज सांगणार नाही. या प्रश्नाला घाईनं दिलेलं उत्तर दुःखी माणसाला जास्तच दुखवतं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पेत्राला धरलं ते बेखमीर भाकरीच्या सणात. सण संपल्यावर त्याला लोकांपुढे आणायचं ठरलं होतं. पहाऱ्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, म्हणजे एका निःशस्त्र कोळ्यासाठी सोळा शिपाई! दोन साखळदंडांनी बांधलेला, दोन्ही अंगांना एकेक शिपाई, दारापाशी आणखी पहारेकरी. उजाडल्यावर काय होणार हे पेत्राला ठाऊक होतं. याकोबाचं काय झालं ते त्यानं नुकतंच ऐकलं होतं. आणि त्या रात्री तो झोपला होता. झोपही अशी गाढ की देवदूतानं कुशीत मारून त्याला उठवलं. कमर बांध, वहाणा घाल, अंगावर वस्त्र घे, असं एकेक सांगावं लागलं. बाहेर पडला तरी आपण स्वप्नच पाहतोय असं त्याला वाटत होतं.

या अध्यायातला विश्वास मला त्या उघडलेल्या दरवाजाहून या झोपेत जास्त दिसतो. दरवाजा उघडायला अजून अवकाश होता. तो उघडेल असं वचनही पेत्राला कुणी दिलेलं नव्हतं.

मार्काची आई मरिया हिच्या घरी मंडळी त्या वेळी प्रार्थना करत होती. पेत्रानं दार ठोठावलं, रुदा नावाच्या मुलीनं आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. ज्यासाठी प्रार्थना चालली होती तेच दारात उभं होतं आणि मंडळी तिला वेडी म्हणत होती. पण त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. याकोबासाठीही त्यांनी प्रार्थना केलीच असेल. एकदा पोळलेली माणसं होती ती. त्या खोलीत याकोबाची आई होती का, हे लिहिलेलं नाही. असली, तर पेत्राला समोर पाहून तिच्या मनात काय आलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. पहाऱ्यावरच्या ज्या शिपायांना हेरोदानं दुसऱ्या दिवशी मारायला धाडलं, त्यांच्या घरच्यांचाही करतो.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, सुटका आणि तारण. आपण ते एकाच अर्थानं वापरतो आणि मला वाटतं तिथंच चुकतो. पेत्राची त्या रात्री सुटका झाली. ती मुदतीची होती. पुढं नीरो सम्राटाच्या काळात रोममध्ये त्यालाही मरण आलं, असं मंडळीची जुनी परंपरा सांगते. याकोबाला सुटका मिळाली नाही, तारण मिळालं. दागिना तारण ठेवला की घरात दिसत नाही, गळा ओका वाटतो. पण तो हरवलेला नसतो. कुणाच्या हाती आहे ते आपल्याला माहीत असतं.

या दोन शब्दांवरून मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. त्यांनी आपल्या संस्थेला नाव दिलं ते मुक्ती. आईवडील त्यांच्या डोळ्यांदेखत उपासमारीनं गेले, पुढं भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 मध्ये नवरा. 1893 मध्ये शारदासदन या त्यांच्या मुलींच्या शाळेवर पुण्यात वादळ उठलं आणि अनेक पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. 1921 मध्ये, जिच्यावर पुढचं सगळं काम सोपवायचं होतं ती एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात होत होती. ते काम त्यांनी थांबवलं नाही. काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षीची वेळ असते. आजारातून बरा झालेला उभा राहतो, नोकरी परत मिळालेला उभा राहतो आणि आपण देवाची स्तुती करतो. ते योग्यच आहे. पण जिचा नवरा सगळ्यांनी गुडघे टेकूनही वाचला नाही, ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेली असते. विश्वासापायी घरच्यांनी ज्याला तोडलं आणि अजून जवळ केलेलं नाही, तो मुलगा दाराशी उभा असतो. त्यांचा विश्वास कमी पडला असं कृपा करून म्हणू नका. याकोबाचा विश्वास कमी पडला असं पवित्र शास्त्र कुठंही म्हणत नाही.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्या बाकाकडे जा. त्यांच्या शेजारी बसा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्यांच्याशी बोला.