निवळी : टाकाऊ नव्हे, टिकाऊ संपत्ती



चक्का टांगला की खाली पाणी ठिबकते. घरची गृहिणी ते कणीक भिजविण्यासाठी वापरते. चीज तयार करणाऱ्या कारखान्यापुढे मात्र या पाण्याचा, म्हणजे निवळीचा, प्रश्न मोठा असतो. एक किलो चीजमागे सुमारे ९ लिटर निवळी उरते आणि दुधातील जवळजवळ निम्मे घनपदार्थ तिच्यातून निघून जातात.

ही निवळी ओढ्यात सोडली तर ओढ्याचा प्राण जातो. एक लिटर निवळी कुजताना ३० ग्रॅमहून अधिक प्राणवायू शोषून घेते. स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅमच असतो. साहजिकच मासे मरतात, पाण्याला दुर्गंधी येते.

यावर यीस्ट हा एक उपाय आहे. निवळीत शेकडा ४ ते ५ दुग्धशर्करा असते. पावाचे यीस्ट ती पचवू शकत नाही. क्लुइव्हेरोमायसिस या वर्गातील काही यीस्ट ती पचवितात. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात, बॅलिनीन येथील कारखान्यात १९७८ साली निवळीपासून मद्यार्क काढण्यास प्रारंभ झाला. अशा पद्धतीत प्रथम प्रथिने गाळून घेतात व उरलेला द्रव आंबवितात. भरपूर हवा पुरविल्यास मद्यार्काऐवजी यीस्टचीच वाढ होते. ते वाळवून प्रथिनयुक्त पशुखाद्य मिळते.

लहान डेअरीला हे एकटीने परवडणारे नाही. त्यासाठी अनेकांची निवळी एकत्र, आणि ती नासण्यापूर्वी, गोळा व्हावयास हवी. म्हणून ना-हरकत दाखला देताना पंचायतीने एक प्रश्न अवश्य विचारावा : निवळी कोठे जाणार?