अंदमानची साडेतीन वर्षं

मोरगावहून अष्टविनायकाला निघणारी आपली मंडळी हल्ली अंदमानही करून येतात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात. पण त्याच तुरुंगाचा पुढचा अध्याय फारसा कुणी सांगत नाही.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी फौज पोर्ट ब्लेअरला उतरली. इंग्रज गेले म्हणून काहींना बरंच वाटलं. पण लवकरच धावपट्टीसाठी सक्तीची मजुरी आली आणि हेरगिरीच्या संशयावरून धरपकडही. लोकांची बाजू मांडणारे डॉ. दिवाणसिंग याच तुरुंगात छळ सोसत होते. बाहेर ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिरंगा फडकवला, पण आतलं त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं गेलं नाही. १४ जानेवारीला, आपल्याकडे तिळगूळ वाटायच्या दिवशी, डॉक्टर गेले. ३० जानेवारीला होम्फ्रेगंज इथे ४४ जणांना गोळ्या घातल्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये धान्य संपत आलं. मग शेकडो माणसांना शेती करायला नेतो म्हणून बोटीत बसवलं आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात ढकललं. बहुतेक बुडाले, किनाऱ्याला लागलेले उपासमारीनं मेले. आज ते स्वराज द्वीप, सहलीचं ठिकाण.

पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर तिथल्या मूळच्या चामोरो लोकांनीही असाच जपानी अंमल सोसला. अमेरिकी सैन्य परतलं तो २१ जुलै तिथे मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. अंदमानात ऑक्टोबर १९४५ मध्ये जपान्यांनी शस्त्रं ठेवली, ती मात्र पुन्हा इंग्रजांपुढेच. खरी सुटका व्हायला १९४७ उजाडावं लागलं.