संगणकाचा बिनतारी आवाज आणि दिव्यांगांचे स्वावलंबन

(भाषणाचा मजकूर)



संगणक हे पाहण्याचे यंत्र आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दृष्टिहीन व्यक्तीसाठी मात्र ते ऐकण्याचे यंत्र होय. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ ही आज्ञावली तिच्या डोळ्यांचे काम करते. मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ या अशाच आज्ञावलीचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते आणि मराठी मजकूरही वाचते.

संगणकाचा आवाज एकाच खोलीत अडकून राहू नये, ही अपेक्षा रास्त आहे. दृष्टिहीन गृहिणीला भाकरी थापताना बोलके पुस्तक ऐकता यावे, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना ओसरीवर बसून व्याख्यान ऐकता यावे, यासाठी आज दोन बिनतारी मार्ग उपलब्ध आहेत. पहिला ब्लूटूथचा. घरगुती उपकरणांत त्याचा पल्ला साधारणतः १० मीटर असतो आणि मधल्या भिंतींमुळे तो आणखी घटतो. दुसरा वायफायचा. घरातील वायफाय जेथवर पोहोचते तेथवर हा आवाज जातो. संगणकात साठविलेले पुस्तक घरातल्या घरात ऐकण्यासाठी इंटरनेट चालू असण्याचीही गरज नसते, ही बाब खेड्यापाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

परंतु या सोयीला एक मर्यादा आहे. नळाला पाणी थांबून थांबून येत असले, तरी टाकी भरलेली असली म्हणजे घरात धार अखंड राहते. बिनतारी आवाजाचेही तसेच आहे. तो लहान लहान तुकड्यांनी येतो, काही काळ साठविला जातो आणि मगच ऐकू येतो. साठा जितका मोठा तितका आवाज अखंड, परंतु तितकाच उशिरा. ब्लूटूथमध्ये हा विलंब बहुधा सेकंदाचा दहावा ते चौथा भाग इतका असतो. वायफायच्या काही पद्धतींत तो दोन सेकंद वा त्याहूनही अधिक असतो.

पुस्तक ऐकणाऱ्यास या विलंबाची बाधा होत नाही. कळफलकावर काम करणाऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याची किंवा विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. दाबलेले अक्षर त्याला तत्क्षणी ऐकू आले पाहिजे. अन्यथा चूक कळेपर्यंत पुढची चार अक्षरे उमटलेली असतात. शिवाय काही बिनतारी उपकरणे शांततेत निद्रिस्त होतात आणि जागी होताना पहिले अक्षर गिळतात. ‘अयशस्वी’ या शब्दातील ‘अ’ हरवला, तर बँकेचा फसलेला व्यवहार ‘यशस्वी’ ठरतो!

म्हणून ऐकण्याचा आवाज बिनतारी आणि कामाचा आवाज तारेचा, हा नियम श्रेयस्कर ठरतो. तारेचा इअरफोन नेहमी हाताशी असावा, कारण बिनतारी जोडणी तुटली की दृष्टिहीन व्यक्तीपुढील संगणक मुका होतो आणि जोडणी पुन्हा करण्यास लागणारी सूचनाही तिला ऐकू येत नाही. उपकरण निवडताना बटणे बोटांना ओळखू येतात काय आणि जोडणी झाल्याची खूण केवळ दिव्याने न मिळता आवाजानेही मिळते काय, हे पाहावे. बँकेची वा खाजगी पत्रांची माहिती घरभर ऐकू जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत आवाज नुसता मोठा करून भागत नाही. तो कानाजवळ न्यावा लागतो. अंतर वाढले की बोलणे क्षीण होते आणि भोवतालचा गोंगाट त्यावर मात करतो. श्रवणयंत्रात थेट येणारा बिनतारी आवाज ही अडचण दूर करतो. एकाच कानाने ऐकणाऱ्यासाठी संगणकात ‘मोनो’ ही सोय असते. तिच्यामुळे दोन्ही बाजूंचा आवाज त्या कानाला मिळतो. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘ऑराकास्ट’ पद्धतीने एका यंत्राचा आवाज एकाच वेळी अनेक श्रोत्यांना ऐकता येतो. मात्र दोन्ही बाजूंची उपकरणे त्या पद्धतीची असावी लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. या रकमेतून एखादे उपकरण घेण्याचे ठरल्यास ते ज्याच्यासाठी घ्यावयाचे त्याच्या हाती आधी द्यावे, त्याला ते स्वतः जोडू द्यावे आणि मगच खरेदी करावी. दुसऱ्याने जोडून दिल्यावाचून जे चालत नाही, ते उपकरण कितीही आधुनिक असले तरी परावलंबनच वाढविते. ज्याचा आवाज ज्याला हवा तेव्हा स्वतःच्या हाताने लावता येतो, तेच साधन खऱ्या अर्थाने सुगम होय.